एक्केचाळीस दुकानांचा एकच चेहरा

“मिस्टर एंगस्ट्रम, आपल्या गावाची दफनभूमी आणि जोलीनचं केस कापायचं दुकान इंटरनेटवर हुबेहूब एकसारखं का दिसतं?”

प्रश्न माझा नव्हता. म्हणजे विचारला मीच, माइकसमोर ताठ उभी राहून, पण पैज माझ्या मैत्रिणींची, ब्रिएल आणि टॅम्सिनची होती. नगरसभेच्या बैठकीत उठून हे विचारलंस तर आठवडाभर तुझी हॉकीची बॅग आम्ही उचलू, असं त्या म्हणाल्या होत्या. ही किती मोठी पैज आहे ते माझ्या बॅगेचा वास घेतलेल्या माणसालाच कळेल. मागच्या वर्षीपर्यंत मी वर्गात ‘हजर’ म्हणतानासुद्धा लालबुंद व्हायचे. यंदा काय झालंय कोण जाणे, तोंड उघडलं की वाक्यं आपोआप बाहेर पडतात, आणि खरं सांगू का, मला ते प्रचंड आवडतंय.

मिस्टर एंगस्ट्रम आमचे नगराध्यक्ष. अकरा वर्षं तेच आहेत, कारण अकरा वर्षं दुसरं कुणी उभंच राहिलेलं नाही. उरलेल्या वेळात ते घरं विकतात. आमच्या ब्रेनिक गावात वर्षाला तीन घरं विकली जातात, त्यामुळे उरलेला वेळ भरपूर.

“एकसारखं दिसतं,” ते म्हणाले, “कारण आपण सगळे एक आहोत, लॅरिसा.”

सभागृहात बसलेल्या चौदा माणसांनी लिंबाच्या वड्या खाता खाता टाळ्या वाजवल्या.

“हो, पण टिचकी कुठे मारायची हे बाहेरच्या माणसाला कळणार कसं?”

“खाली नाव लिहिलंय ना.”

“मग वर फोटो कशाला?”

मागच्या रांगेत मर्व्ह फ्रीसन खोकला. मर्व्ह रोज सकाळी को-ऑपच्या दुकानातल्या कॉफीच्या कट्ट्यावर बसतो. गावात काय घडलं, काय घडणार आणि काय घडायला हवं होतं, हे सगळं त्या कट्ट्यावर ठरतं. तो खोकला म्हणजे तो हसतोय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मिस्टर एंगस्ट्रमनाही.

भानगड अशी होती. गेल्या वर्षी आमच्या प्रांताच्या राजधानीहून, रेजायनाहून, एक सल्लागार आले आणि त्यांनी गावाला ‘ब्रेनिक ऑनलाइन’ नावाचं एक पान करून दिलं. त्यावर एक्केचाळीस चौकोन. दुकानं, चर्च, बर्फाचा रिंक, दफनभूमी, सगळे त्यात आले. प्रत्येक चौकोनात त्या त्या वेबसाइटचा नखाएवढा फोटो, ज्याला थंबनेल म्हणतात. आणि कमाल म्हणजे हे फोटो कुणी माणूस काढत नाही. कुठल्याशा सर्व्हरवर बसलेला एक प्रोग्रॅम एकेका वेबसाइटवर जातो, तिचा फोटो काढतो, तो आक्रसून लहान करतो आणि चौकोनात चिकटवतो. सगळं आपोआप.

फक्त त्याच सल्लागारांनी त्याच आठवड्यात सगळ्या दुकानदारांना आणखी एक गोष्ट गळ्यात मारली होती. वेबसाइट उघडली रे उघडली की समोर येणारी एक भलीमोठी राखाडी पाटी: ‘आम्ही तुमच्या खासगीपणाचा आदर करतो. मान्य आहे?’ आणि त्यांचा प्रोग्रॅम इतका उतावळा की दार उघडताक्षणी फोटो काढून पळायचा. त्यामुळे ब्रेनिक ऑनलाइनवर एक्केचाळीस राखाडी पाट्या. दफनभूमीलाही तुमच्या खासगीपणाचा आदर होता. तिचा खरा असावा.

“एवढं कळतं तर तूच का नाही करून दाखवत?” मिस्टर एंगस्ट्रम हसत हसत म्हणाले. चौदाही जण हसले.

“करते की,” मी म्हणाले.

ही पैज नव्हती. हे माझं मी बोलले. आणि बोलल्यावर थांबले असते तर ती मी कसली! “पण नीट झालं तर तुम्ही मला पत्र द्यायचं.”

पत्राचं असं होतं. जुलैमध्ये सॅस्काटूनच्या विद्यापीठात दोन आठवड्यांचं शिबिर असतं. प्रांतभरातून सोळा मुली घेतात, तिथेच राहायचं, आणि सर्व्हर कसे चालतात, प्रोग्रॅम कसे लिहायचे, हे खरीखुरी शिकलेली माणसं शिकवतात. मला तिथे इतकं जायचं होतं की त्या शिबिराच्या पानावरच्या मुलींची तोंडं मला पाठ झाली होती. अर्जासोबत गावातल्या एका जबाबदार व्यक्तीचं पत्र लागतं. ती शिक्षक नको आणि नातेवाईकही नको. नऊशे वस्तीच्या गावात शिक्षक नाही, नातेवाईक नाही आणि वर जबाबदार, असा माणूस शोधायला गेलं की मिस्टर एंगस्ट्रमच उरतात. तेही माझ्या मॉमच्या मावशीचे व्याही लागतात, पण एवढं चालून जातं.

“चित्रं नीट झाली की पत्र तुझं,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. अर्जाची शेवटची तारीख एकवीस मार्च, शुक्रवार. हातात साडेतीन आठवडे होते.

मिस्टर डिक आम्हाला कॉम्प्युटर शिकवतात आणि कर्लिंग हा बर्फावर दगड सरकवायचा खेळही. त्यांनी शाळेच्या फडताळातून एक जुना सर्व्हर काढून दिला. चालू केला की बर्फ उडवायच्या यंत्रासारखा घरघरायचा. पहिल्या दिवशी माझ्या प्रोग्रॅमनेही राखाडी पाट्याच आणल्या. मग मी त्याला दोन सेकंद थांबायला शिकवलं. त्याने अर्धवट उघडलेली पानं आणली, डोकं आहे तर धड नाही. मग पाटी घालवायला शिकवलं, तर पाटीमागून दुसरी पाटी निघाली.

“शाळेच्या फोटोसारखं आहे,” टॅम्सिन म्हणाली. “नेमकं तेव्हाच सगळ्यांचे डोळे मिटलेले.”

“तुझा प्रोग्रॅम उद्धट आहे,” मिस्टर डिक म्हणाले. “लोकांच्या घरी जातेस तेव्हा काय करतेस तू?”

“बूट काढते.”

“मग त्यालाही काढायला लाव.”

बस्स, तिथून सुधरलं. दार उघड. बूट झटक. ‘मान्य आहे’ म्हणायला लावतात तर म्हण. कोट टांग. घरातली सगळी माणसं बाहेरच्या खोलीत येऊन बसेपर्यंत थांब. मग फोटो. तेरा मार्चला तो चालला. मी वर्गात नाचले, आणि मला मुळीच नाचता येत नाही.

आता एकच काम उरलं होतं, लोकांना सांगणं. नाहीतर पुन्हा म्हणतील, न विचारता केलं. मी को-ऑपच्या दारावर ठळक अक्षरात कागद लावला: शनिवारी सकाळी अकरा वाजता शाळेतला सर्व्हर सर्वांच्या वेबसाइटचे नवे फोटो काढेल, कुणाला आपलं पान बदलायचं असेल तर त्याआधी बदलावं. यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा. पण ब्रेनिकमध्ये दारावरचा कागद कुणी वाचत नाही. कागदात काय आहे ते कट्ट्यावर मर्व्हला विचारतात. आणि मर्व्हने कागद वाचण्याऐवजी त्यावर विचार केला.

“सर्व्हर म्हणजे उपग्रह,” असं त्याने कट्ट्यावर सांगितलं म्हणे. “वरून काढणार. ठीक अकराला डोक्यावर येतो.”

हे मला शनिवारी अकराला तीन मिनिटं कमी असताना कळलं. संगणकाच्या वर्गाच्या खिडकीतून आमचा अख्खा मुख्य रस्ता दिसतो. बाहेर उणे चोवीस. अशा थंडीत त्या रस्त्यावर चालू इंजिनाच्या गाड्या सोडल्या तर कुणी नसतं.

“लॅरी,” ब्रिएल खिडकीशी उभी होती, “आज काही मिरवणूक आहे का?”

सगळे बाहेर होते. प्रत्येक दुकानासमोरचा बर्फ घराच्या फरशीसारखा झाडून काढला होता. खाटीक गुन्नार पांढऱ्या स्वच्छ एप्रनमध्ये, हातात डुकराची मांडी. जोलीन टोपी न घालता, कारण टोपीखाली केस दिसत नाहीत. दफनभूमी समितीच्या तिन्ही म्हाताऱ्या फाटकाशी झेंडा धरून. आणि माझा डॅड, ओरेस्ट पावल्युक, घर तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करणारा, तीस वर्षं कुणासमोर दोन वाक्यं एका दमात न बोललेला माणूस, आमच्या दुकानाच्या छपरावर उभा होता. ‘पावल्युक हीटिंग’ लिहिलेला कापडी फलक त्याने आकाशाला वाचता येईल असा आडवा धरला होता.

सगळे वर बघत होते. सगळे हसत होते.

मी खिडकीतून दोन्ही हात जोरजोरात हलवले, नाही, नाही, आत जा! त्यांना वाटलं हा इशारा. ते आणखी रुंद हसले. डॅडने फलक आणखी उंच केला.

मागे सर्व्हर घरघरायला लागला. अकरा वाजले होते. माझ्या प्रोग्रॅमने बूट काढले, कोट टांगला आणि एक्केचाळीस फोटो घेतले. रस्त्यावरचा एकही नाही. ब्रिएल हसून हसून खुर्चीवरून खाली पडली, तिला उचलायला गेलेली टॅम्सिनही तिथेच बसली.

दुपारपर्यंत नवे फोटो पानावर लागले. आणि गावाने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या वेबसाइट पाहिल्या.

जोलीनच्या पानावर चमचमणारा बर्फाचा माणूस नाचत होता आणि ‘२००८ सुखाचे जावो’ असं लिहिलं होतं. गुन्नारने आपल्या वेबसाइटच्या पत्त्याची मुदत संपू दिली होती. तो पत्ता आता भलत्याच देशातला कुणीतरी वापरत होता आणि तिथे बायकांच्या चपला विकत होता. दफनभूमीच्या पानावर पिवळं हेल्मेट घातलेला कामगार खणत होता. खाली अक्षरं: ‘काम चालू आहे. लवकरच पुन्हा या!’ मिस्टर एंगस्ट्रमच्या पानावर डोकंभर काळ्या केसांचे मिस्टर एंगस्ट्रम होते. त्यांच्यामागचं ‘आजच बघा’ लिहिलेलं घर नऊ वर्षांपूर्वी जळून गेलंय.

आणि आमचं पान! ते मॉमने मी दोन वर्षांची असताना केलं होतं. ‘फोन करा, डॅरिल ताबडतोब हजर!’ आणि डॅडच्या खांद्यावर हात टाकून दात काढणारा डॅरिल. हा माझ्या आत्याचा नवरा होता. होता, म्हणजे आता नाही. सहा वर्षांपूर्वी तो दुकानाचा ट्रक आणि गावातली एक शिक्षिका घेऊन दुसऱ्या प्रांतात, ब्रिटिश कोलंबियाला गेला. आमच्या घरात त्याचं नाव घ्यायचं झालं तर ‘तो’ असं घेतात.

आता तुम्हाला वाटेल लोक माझ्यावर ओरडले असतील. छे! आमच्याकडे तोंडावर कुणी ओरडत नाही. रविवारी चर्चमध्ये जोलीन मला म्हणाली, “फोटो बरे आलेत हं.” गुन्नार म्हणाला, “वाईट नाहीत.” माझी मॉम को-ऑपमध्ये गल्ल्यावर असते. मग सोमवारी ते सगळे तिच्यासमोर रांगेत उभे राहिले, कुणाच्या हातात एक अंडं नाही की पाव नाही.

“आज माझ्या रांगेत बारा माणसं होती,” मॉम घरी येऊन बूट काढत म्हणाली. “बारा! विकलं काय, तर एक च्युइंगम. जोलीन म्हणते, पोरीला समज दे. गुन्नार म्हणतो, मी वीस मिनिटं मांडी धरून उभा होतो, बोटं गेली माझी, आणि फोटो कसला तर चपलांचा!”

“पण ती त्याचीच वेबसाइट आहे!”

“ते तू मला नको सांगूस. आणि मर्व्ह काय म्हणतो माहितीये?”

“काय?”

“पूर्वीचं बरं होतं. राखाडी होतं, पण अब्रू झाकलेली होती.”

मला वाटलं होतं, लोक फोटो बघतील, दचकतील आणि पान दुरुस्त करतील. पान दुरुस्त करायला एक दुपार लागते, बर्फाचा माणूस हाकलायला तर पाच मिनिटं. पण एक्केचाळिसातल्या एकानेही पानाला हात लावला नाही. सगळ्यांना कॅमेरा दुरुस्त करून हवा होता.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मिस्टर एंगस्ट्रमनी मला कार्यालयात बोलावलं. वीस मार्च. टेबलावर लिंबाच्या वड्यांची बशी होती, म्हणजे काम गंभीर होतं.

“लॅरिसा, तुझं काम फर्स्ट क्लास. कुणी काही म्हणो.” त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. “फक्त थोडं सजवायचंय. हे बघ, मी काही फोटो जमवलेत.”

फोटो सुंदर होते. बर्फाच्छादित डोंगर. पाइनची झाडं. निळं तळं, त्यात होडी. एका फोटोत ताडाचं झाड होतं. आमच्याकडे सगळ्यात उंच काय असेल तर धान्याची कोठी, आणि तिच्या माथ्यावरून बघितलं तर क्षितिजापर्यंत दुसरं काही आडवं येत नाही.

“हे कुठलं आहे?”

“कुठलं का असेना. जोलीनला तळं दे. दफनभूमीला पाइन. शांत वाटेल.”

“आणि ताड?”

“ते माझं,” ते म्हणाले.

“पण मिस्टर एंगस्ट्रम, तळ्यावर टिचकी मारली की बर्फाचा माणूस नाचत येणार.”

“तोवर माणूस आत आलेला असतो ना!” ते खुर्चीत मागे रेलले. “घर विकताना मी काय करतो? आधी ओव्हनमध्ये पाव भाजायला ठेवतो. वास आला की माणूस भिंतीची भेग बघत नाही. हाताने चिकटव हे एक्केचाळीस. तुझा तो प्रोग्रॅम बंद करून टाक. संध्याकाळपर्यंत होईल?”

“आणि पत्र?”

त्यांनी खण उघडला. पत्र तयार होतं, नगरसभेच्या शिक्क्यासकट, सहीसकट. त्यांनी ते मला वाचायला दिलं, पण कागदाचा एक कोपरा स्वतःच्या बोटाखाली ठेवला. मी वाचलं. मी कष्टाळू होते, हुशार होते. तिसऱ्या परिच्छेदात म्हटलं होतं, ‘लॅरिसाचा प्रामाणिकपणा साऱ्या गावाला आदर्शवत आहे.’

पत्र खरंच छान होतं. असं माझ्याबद्दल कुणी कधी लिहिलेलं नव्हतं. शिबिराच्या पानावरच्या त्या मुली डोळ्यासमोर आल्या, एका लांब टेबलाशी बसलेल्या, आणि एक खुर्ची रिकामी. मागच्या वर्षीची मी असते तर मान हलवून घरी गेले असते आणि डोंगर चिकटवत बसले असते.

“हा तिसरा परिच्छेद,” मी विचारलं, “ताड लावण्याआधीचा की नंतरचा?”

“पत्रावर तारीख घातलेली नाही मी,” मिस्टर एंगस्ट्रम प्रेमाने म्हणाले. “वडी घे.”

मी वडी घेतली. पत्र त्यांच्या बोटाखालीच राहिलं. “रात्रीच्या जेवणापर्यंत कळवते,” असं म्हणून मी निघाले.

घरी पेरोगी होत्या, बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांसारख्या, वर परतलेला कांदा आणि बाजूला सॉसेज. डॅड ताटाकडे बघून बोलत होता, म्हणजे त्याला काहीतरी मागायचं होतं.

“वेंडेलचा फोन आला होता,” तो म्हणाला. वेंडेल म्हणजे मिस्टर एंगस्ट्रम. “डोंगर लावणार आहेस म्हणे.”

“ते म्हणतायत.”

“आपल्याला जरा... धबधबा मिळेल का?”

“ओरेस्ट!” मॉम म्हणाली.

“तू गप्प बस, पान तू केलंस. मी काल मक्लिऑडांकडे भट्टी बघायला गेलो, तर मिसेस मक्लिऑड म्हणतात, डॅरिल नाही आला का? सहा वर्षांनी! मी काय सांगायचं?”

“तो गेला असं सांगायचं.”

“त्यांना माहितीये तो गेलाय! अख्ख्या गावाला माहितीये!”

“मग पान का नाही बदललंस एवढी वर्षं?” मी विचारलं.

डॅडने सॉसेजचा तुकडा कापला. “उघडूनच कोण बघत होतं ते.”

मॉमला हसू आवरेना. डॅडलाही थोडं आलं, पण त्याने ते पेरोगीच्या घासात लपवलं. “जाऊ दे,” तो म्हणाला. “तू लाव ते डोंगर, आण ते पत्र. वर्षभर त्या शिबिराचा जप करतेयस. एक्केचाळीस चित्रं चिकटवायची म्हणजे तासाभराचं काम. कुणाचं काय जातंय?”

“खरंच गं,” मॉम म्हणाली. “उद्या शेवटचा दिवस आहे. हट्ट नको करूस.”

मला त्यांचा राग आला नाही. ते माझ्याच बाजूने बोलत होते, आणि मला ते पत्र त्यांच्यापेक्षा जास्त हवं होतं. मी काटा खाली ठेवला आणि बसल्या जागी ताठ झाले.

“मॉम, डॅड, ऐका,” मी म्हणाले. “मी ठरवलंय. डोंगर लावणार नाही. तळं नाही, धबधबाही नाही. आता मिस्टर एंगस्ट्रमना फोन करून सांगणार की पत्र खणातच राहू द्या. त्यांना डोंगर किंवा राखाडी पाट्या हव्याच असतील तर त्यांच्या हाताने लावू देत, मी लावणार नाही. अर्ज मी पत्राशिवाय पाठवतेय, उद्या सकाळी, आणि पत्राच्या जागी एक कागद जोडणार आहे. प्रोग्रॅम कसा केला, तो कुठे कुठे फसला आणि पत्र का नाही, हे सगळं लिहून. नाही घेतलं तर जुलैभर मी इथेच आहे. आणि डॅड, शनिवारी अकराला सर्व्हर पुन्हा फोटो काढणार आहे. तुझं पान बदलायचं असेल तर ताट उचलून झाल्यावर माझ्याशेजारी येऊन बस, पण डॅरिलला काढून टाकायचं बटण तू दाबायचंस.”